तांब्याची पन्हळ: चौसोपी घराच्या कामाच्या नोंदी

घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून चार-पाच किलोमीटर आत. जांभ्याचे जोते, मातीच्या भिंती, मधे चौक. चारही सोप्यांची पाखी, म्हणजे छपराचे उतार, चौकात उतरतात. असे घर असलेल्या आणि हेच काम काढू पाहणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा, म्हणून रात्री बसून लिहिलेल्या या नोंदी.

१७ नोव्हेंबर २०२४

जुनी पन्हळ उतरवली. वडिलांनी २००९ मध्ये गॅल्वनाइज्ड पत्र्याची बसवली होती. २०१७ च्या पावसात ती जागोजागी फुटली आणि तेव्हापासून आम्ही डांबरपट्ट्या चिकटवत आलो. आज हात लावला तर काठाचा चुरा झाला. खारी हवा जस्ताचा थर आधी खाते आणि मग लोखंडाला वाली राहत नाही.

खरे नुकसान खाली आहे. वळचणीच्या पागोळ्या जोत्यावर आपटतात आणि शिंतोडे तळखड्यावरून, म्हणजे खांबाखालच्या दगडावरून, खांबाच्या बुडाशी जातात. चौकातल्या आठ खांबांपैकी तिघांच्या बुडात स्क्रूड्रायव्हर बोटभर आत गेला.

चौकाच्या एका कोनात, जिथे दोन पाखी मिळतात, तिथली कौले काढल्यावर खाली तांब्याचा पत्रा निघाला. हातभर लांब, काळा-हिरवा, वर हातोडीचे ठोके स्पष्ट दिसणारा. कुठेही भोक नाही. काकू म्हणाली, तिच्या सासूबाईंच्या वेळेपासून तो तिथेच आहे. नवी पन्हळ तांब्याची करायची हे तिथेच ठरले.

कौले मंगलोरी, त्यांवर बेसल मिशनच्या कारखान्याचा छाप आणि १८६५. हे साल कारखान्याच्या स्थापनेचे आहे, कौल पाडल्याचे नव्हे. घराचे वय सांगताना आमच्याकडे वर्षानुवर्षे ही चूक होत आली.

२४ नोव्हेंबर

मापे. पुढची वळचण ११ मीटर. चौक आतून ५.६ गुणिले ४.२, म्हणजे परीघ १९.६ मीटर. एकूण ३०.६.

पाण्याचा हिशेब सोपा ठेवला. तासाला १०० मिलिमीटरची सर आली, तर एक चौरस मीटर छपरावरून तासाला १०० लिटर पाणी येते. चौकात उतरणारी पाखी साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ११७ लिटर. कोकणात अशी सर दरवर्षी येते. पन्हळ १५० मिलिमीटर व्यासाची अर्धगोल, उभे पाइप १०० मिलिमीटरचे चार: दोन चौकात समोरासमोरच्या कोनांत, दोन पुढे दोन टोकांना.

आमचे घर संरक्षित यादीत नाही. ज्यांचे घर राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत आहे, त्यांना नवे बांधकाम मनाई आहे. दुरुस्तीला आणि त्यापुढच्या २०० मीटरमधल्या बांधकामाला परवानगी लागते. आधी कागद बघा, मग कौल काढा.

८ डिसेंबर

पुण्यात दोन दिवस. पत्रा घेतला: २२ गेज, म्हणजे ०.७१ मिलिमीटर, चार बाय आठ फुटांचे सहा पत्रे. एक पत्रा १८.९ किलो, एकूण ११३.६ किलो. किलोला ९८५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, बिल १,३२,००० च्या आसपास. दर रोज हलतो. सकाळी फोनवर एक आणि दुपारी दुकानात दुसरा ऐकला.

पाणी पन्हळीतून उभ्या पाइपात जाते तिथे पेटी लागते. त्या चार पेट्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत करायला दिल्या. आळीत शिरण्याआधीच ठोके ऐकू येतात. मठारकाम म्हणजे पत्र्यावर ओळीने ठोके देत जाणे. त्याने भांडे नुसते सुंदर होत नाही, ठोक्यांनी तांबे कडक होते, म्हणून पातळ पत्र्याचे भांडेही चेपत नाही. मी सोबत नेलेला चौकाच्या कोनातला जुना तुकडा पेट्या करणाऱ्या तांबट काकांनी उजेडात फिरवून पाहिला आणि मग माझे बिल पाहिले.

"ताई, हा तुम्ही मऊ पत्रा घेतलात. भांड्याला मऊ लागतो, कारण आम्ही ठोकून कडक करतो. पन्हळीला कोण ठोकणार? हाफ हार्ड मागायचा होता."

दुकानदाराने विचारले नव्हते, मलाही विचारायचे माहीत नव्हते. पत्रा कापून गाडीत चढला होता, परत घेईनात. ही पहिली चूक, आणि तिचे भोग जुलैत आले.

२९ डिसेंबर

पट्ट्या कापल्या, ३०५ मिलिमीटर रुंद. अर्धगोलाला २३६ जातात, पुढच्या काठाच्या वळीला साधारण १२, उरलेला ५७ मिलिमीटरचा भाग मागे उभा राहतो. मागची बाजू उंच हवीच. पन्हळ तुंबली तर पाणी पुढे सांडावे, भिंतीकडे नाही.

पुढच्या काठात तार घालून तो वळवतात, त्याने काठ ताठ राहतो. आमचे पत्रेवाले मिस्त्री सवयीने लोखंडी तारेचे भेंडोळे घेऊन आले. थांबवले आणि चार मिलिमीटरची तांब्याची तार आणली, साडेतीन किलो, ३,९०० रुपये. मिस्त्रींना पटले नाही, पण त्यांनी केले.

१२ जानेवारी २०२५

तारेच्या वेळी सावध होते आणि हुकांच्या वेळी चुकले. गावच्या लोहाराकडून ५४ लोखंडी हूक करून घेतले, प्रत्येकी ७० रुपये. प्रायमर आणि दोन हात रंग लावला की तांबे आणि लोखंड एकमेकांना शिवणार नाहीत, असे वाटले.

मग मनात आले म्हणून बादलीत मिठाचे पाणी केले. एक रंगवलेला हूक तांब्याच्या कपच्यावर टेकवून ठेवला, दुसरा एकटाच. तीन आठवड्यांनी आज बाहेर काढले. एकट्या हुकाला थोडा गंज. तांब्यावर टेकलेल्याचा रंग टेकल्या जागी फुगून सुटला होता आणि खाली लोखंडाला खड्डे पडले होते. रंगाला बारीक ओरखडा गेला तरी सगळा मार तेवढ्याच जागेवर बसतो. दोन धातू आणि खारे पाणी एकत्र आले की बॅटरी तयार होते, आणि तीत लोखंड झिजते.

५४ हूक, ३,७८० रुपये बाजूला ठेवले. तांब्याची पट्टी मागवली, २५ बाय ५ मिलिमीटर, एका हुकाला अर्धा मीटर. ३० किलो लागली, करासह ३६,८०० रुपये. स्क्रू पितळी. पितळी स्क्रू जुन्या किंजळाच्या लाकडात थेट पिळला तर डोके तुटून हातात येते. आधी गिरमिटाने भोक, मग स्क्रूला मेण, मग पिळायचे.

२ फेब्रुवारी

हूक वाशांना लागतात आणि वाशांची टोकेच सडलेली. पुढच्या बाजूचे ९ वासे हातभर मागेपर्यंत कापून सुतारमामांनी सांधे दिले. चौदा दिवस गेले. हे मी वेळापत्रकात धरलेच नव्हते.

यापेक्षा मोठा प्रश्न दोरीने दाखवला. पुढच्या वळचणीची कड डोळ्याला सरळ दिसते. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली तर मधोमध ती ३८ मिलिमीटर खाली. वासे ज्या तुळईवर टेकतात ती इतक्या वर्षांत मधे वाकली आहे. आणि मला पन्हळ नेमकी उलटी हवी: मधे उंच, दोन्ही टोकांना उतार, कारण पाइप टोकांना आहेत. मधे पाइप दिला तर तो पायऱ्यांवर येतो.

मीटरला ५ मिलिमीटर उतार धरला तर टोकांना पन्हळ कौलांच्या कडेपासून ६५ मिलिमीटर खाली जाते. दिसायला वाईट, आणि पाणीही नेमके आत पडणार नाही. दोन दिवस तिघांचा वाद झाला. मी म्हणत होते तुळई जॅकने उचलू. मामांनी साफ नकार दिला.

"उचललीत तर मातीची भिंत तडकेल. तिला बसायला शंभर वर्षं लागली, तुम्ही एका दिवसात उठवणार?"

शेवटी त्यांनी मधल्या सहा वाशांखाली फणसाच्या पाचरी सारून २० मिलिमीटर भरून काढले. उतार मीटरला ३ वर आणला. टोकांना आता ३४ मिलिमीटरचा फरक उरतो. यापुढे घर ऐकणार नाही.

२ मार्च

डाग, म्हणजे कथील वितळवून सांधे जोडणे. यात तीन आठवडे गेले.

दोन पट्ट्या ४० मिलिमीटर एकमेकींवर, तांब्याचे रिबीट दोन ओळींत, मग कथील-शिसे निम्मे-निम्मे. पहिले पाच सांधे वरून चकचकीत होते. पाणी भरल्यावर पाचही गळले. एक उकलून पाहिला तर कथील फक्त कडेला बसलेले, आत सगळा पत्रा कोरडा. मिस्त्रींचा हात जस्ताच्या पत्र्यावर बसलेला आहे. तांबे उष्णता फार वेगाने पळवते. कडेला कथील वितळते तेव्हा दोन इंच आतले तांबे अजून थंडच असते.

उपाय काकूने सुचवला. डाग काय असतो हे तिला ठाऊक नाही, पण कल्हईवाला अंगणात बसायचा ते तिने पाहिले आहे. "तो आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकून पुसायचा, मग कथील नुसतं फिरवायचा. थंड भांड्याला कल्हई धरत नाही." म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना आधी पूर्ण ४० मिलिमीटर कल्हई केली. मग रिबीट मारले आणि मग तापवले. कल्हईला कल्हई मिळते आणि कथील आपणहून आत ओढले जाते, पलीकडच्या कडेला त्याची बारीक रेघ दिसते. ती रेघ दिसली नाही तर सांधा कच्चा. त्यानंतरच्या अकरा सांध्यांपैकी एकच गळला.

डाग दिल्यावर लगेच गरम पाण्याने आणि ब्रशने धुवायचे. नवसागर राहिला की दोन दिवसांत हिरवे फुगे येतात.

२३ मार्च

आजची नोंद सगळ्यांनी वाचावी.

कोनाचा एक सांधा जमिनीवर होईना, म्हणून वर वळचणीखालीच ब्लोलॅम्पने दिला. काम संपले, सगळे जेवायला बसले. वीस मिनिटांनी धुराचा वास आला. वाशाच्या मागे चिमण्यांचे जुने घरटे होते, ते आत धुमसत होते. बादल्या जवळ होत्या म्हणून वाशाला काळा डाग पडण्यावर निभावले. जुने, वाळलेले लाकूड आहे. आणखी अर्धा तास कुणाच्या लक्षात आले नसते तर आज लिहायला घर नसते.

तेव्हापासून तीन नियम. वर ब्लोलॅम्प नाही, खाली तापवलेला तांब्याचा ठोकळा वर नेऊन डाग द्यायचा. मागे ओले गोणपाट. आणि डाग दिल्यानंतर एक तास एक माणूस तिथेच बसून राहायचा, काही न करता. त्या तासाची मजुरी मी देते.

४ मे

पुढची पन्हळ २० एप्रिलला चढवली होती, सलग ११ मीटर. मिस्त्रींनी ती हलू नये म्हणून मागच्या उभ्या भागातून वाशांत स्क्रू मारले, आणि मीही बरे वाटले म्हणून होकार दिला.

आज दुपारी कट्ट कट्ट आवाज. दोन सांधे उकलले. तांबे तापले की मीटरला, दर अंशाला, ०.०१७ मिलिमीटर वाढते. पहाटे २५ अंश, दुपारी उन्हात पत्रा ६५ च्या पुढे. ४० अंशांच्या फरकाला ११ मीटर पन्हळ साडेसात मिलिमीटर लांब होते. दोन्हीकडून स्क्रूने बांधलेली असली तर ती वाढ सगळ्यांत दुबळ्या जागेतून बाहेर पडते, आणि दुबळी जागा म्हणजे डाग.

११ मे

सगळे स्क्रू काढले, भोके तांब्याच्या ठिगळांनी बुजवली. मधोमध, जिथे उंची सर्वांत जास्त, पन्हळ कापून दोन केली. दोन्ही टोके बंद, मधे १२ मिलिमीटर फट, वर एका बाजूलाच धरलेले तांब्याचे झाकण. पन्हळ आता हुकांवर नुसती बसली आहे, वरून पातळ पट्टीने अडवलेली. दुपारी हात ठेवला तर सरकताना जाणवते, आवाज नाही.

चौकाच्या पन्हळीला फट दिली नाही. तिथे उंच भाग कोनांत येतो, आणि कोनातच दोन पाख्यांचे पाणी कोसळते. ती चौकट चारी बाजूंनी हुकांवर मोकळी ठेवली की सगळीकडे सारखी फुगते.

२६ मे

पाच जूनपर्यंत काम संपवायचे ठरले होते. २० तारखेपासूनच झड लागली. २४ मेला मान्सून केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत. आज मुंबईत. चौकाच्या दोनच बाजू चढल्या होत्या, परांची ओली, मिस्त्री घरी. उरलेल्या दोन बाजूंना ताडपत्री बांधून पाणी मोरीकडे वळवले. दोन रात्री झोप नाही. खांबांची नवी बुडे पोत्यांनी गुंडाळली.

१५ जून

उघडीप मिळाली तसे चौक पूर्ण केला. काल रात्री पहिली मोठी सर पूर्ण पन्हळीवर पडली. चौकात छत्री धरून उभी राहिले.

सरळ बाजू उत्तम. चारही कोनांत पाणी पन्हळीवरून उडी मारून थेट चौकात. दोन पाख्यांचे पाणी कोनात एकत्र होते, वेगाने येते, आणि १५० मिलिमीटरची पन्हळ त्याला छोटी पडते. पुढच्या बाजूला दोन्ही टोकांना, जिथे ३४ मिलिमीटरचा फरक ठेवला, तिथे उलट त्रास: पाऊस मंद असला की पाणी कौलाच्या पोटाला चिकटून मागे जाते आणि वाशावर ठिबकते.

२९ जून

दोन्ही दुरुस्त्या उरलेल्या कपच्यांतून झाल्या. कोनांत पन्हळीच्या पुढच्या काठावर काटकोनात वळवलेला, वीतभर उंच आडोसा. पाणी त्याला थडकून आत पडते. पुढे टोकांना शेवटच्या कौलांखाली सारलेली आणि खाली पन्हळीत वाकवलेली तांब्याची पट्टी. आता पाणी मागे जात नाही. हे दोन्ही पहिल्या दिवसापासून करायला हवे होते. पत्रा हिशेबात होता, माझ्या चित्रात ते तुकडेच नव्हते.

एक गोष्ट वेळेत लक्षात आली. चौकातला पाइप हौदात सोडणार होतो आणि हौदात डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आहेत. नव्या तांब्यावरून येणारे पाणी माशांना घातक असते. पाइप मोरीला जोडला. काकूचीही भीती होती की पाणी कळकेल. डागात शिसे आहे, तेव्हा हे पाणी प्यायला नाहीच, फक्त आगराला. ती चिंचेने पन्हळ घासून लखलखीत ठेवायचे म्हणत होती. त्यावरची तपकिरी पुटी हेच तिचे कवच आहे, असे समजावले. कौलांखालून निघालेला तो जुना तुकडा दाखवला तेव्हा पटले.

१३ जुलै

वानरे. फणसावरून पन्हळीवर, पन्हळीवरून कौलांवर. मऊ पत्र्याचे दोन तुकडे खोलगट झाले, त्यांत पाणी साचते. डिसेंबरात काका म्हणाले होते ते हेच. त्या बाजूला दोन फुटांऐवजी फुटाफुटावर हूक दिले, फांदी उतरवली, खोलगट भाग लाकडी साच्यावर ठोकून सरळ केले. ठोकलेला भाग आता शेजारच्यापेक्षा कडक लागतो. काकांनी केलेल्या चार पेट्यांवर वानरे रोज बसतात, त्यांना पोचाही नाही.

३ ऑगस्ट

खर्च लिहून ठेवते. पत्रा १,३२,०००. हुकांची पट्टी ३६,८००, वाया गेलेले लोखंडी हूक ३,७८०, तार ३,९००. पत्रा वळवणे आणि वाहतूक ९,५००. तांबट आळीतल्या पेट्या १८,०००, एकेकीचे ४,५००, आणि त्यात एक रुपयाही जास्त नाही. मिस्त्री ३१ दिवस, ३४,१००. सुतारमामा आणि लाकूड २७,८००. कथील, नवसागर, गॅस ७,४००. स्क्रू आणि रिबीट ५,६००. परांची ८,०००. एकूण २,८६,८८०. गॅल्वनाइज्डची पन्हळ याच्या पाचव्या भागात झाली असती आणि आठ पावसाळे टिकली असती. खांबांचे काम यात धरलेले नाही.

वेळ: ठरवले होते तीन महिने, लागले साडेआठ.

आज शिडी लावून सगळे सांधे हाताने तपासले. मागच्या सोप्याचा तिसरा आणि पुढचा सातवा सांधा पाझरतो, थेंब धरायला दोन-तीन मिनिटे लागतात. खडूने खूण केली. ओल्यात डाग धरत नाही, दिवाळीनंतर करू. पेट्यांतून फणसाची पाने अर्धी बादली निघाली. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढावी लागतील.

उतरताना तळखड्यांना हात लावून पाहिला. आठही कोरडे.